काचबिंदूचे ड्रॉप आणि सतत चुरचुरणारे डोळे: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. काचबिंदूचे ड्रॉप सुरू होऊन काही महिने, कधी काही वर्षं झालेली असतात. डोळ्याचं प्रेशर आटोक्यात असतं, डॉक्टर समाधानी असतात. पेशंट मात्र वैतागलेला असतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी टीव्हीसमोर बसलं की चुरचुरतं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, आरशात बघावं तर डोळे लाल. मग कुणीतरी ल्युब्रिकंट, म्हणजे डोळा ओला ठेवणारा ड्रॉप, लिहून देतं, पंधरा दिवस बरं जातं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजणारी तपासणी) आणि प्रेशर तपासणीच्या खोलीत बसतो, त्यामुळे हे गाऱ्हाणं डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतं. ते वारंवार का उलटतं याचं माझ्या मते एकच मोठं कारण आहे. चार बाटल्यांनी झालेल्या त्रासावर आपण पाचवी बाटली देतो. पहिल्या चार तशाच चालू राहतात.

आधी हे वाचा

त्रास कितीही असो, काचबिंदूचा ड्रॉप आपल्या मनाने बंद करू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. वाढलेलं प्रेशर सहसा जाणवत नाही, चुरचुर मात्र लगेच जाणवते. म्हणून ड्रॉप थांबवला की चार दिवसांत डोळा शांत होतो, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आतली नस दबत राहते. असे पेशंट सहा महिन्यांनी फील्ड टेस्टला बसतात तेव्हा कागदावरचा काळा भाग वाढलेला दिसतो, आणि त्यांना तो दाखवायला मला अजिबात आवडत नाही.

काही लक्षणांत ही पोस्ट वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा: अचानक तीव्र दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, सोबत डोकेदुखी-उलट्या, नजर एकदम धूसर होणं, उजेड अजिबात सहन न होणं, पू येणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं. ज्यांचं काचबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांच्या डोळ्याला लाली आणि चिकट घाण आली, तर ऑपरेशनला कितीही वर्षं झालेली असोत, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. डोळ्यातलं पाणी बाहेर पडावं म्हणून ऑपरेशनात केलेल्या वाटेतून जंतुसंसर्ग आत जाऊ शकतो.

चुरचुर नक्की कधी होते?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि बहुतेकांचं उत्तर असतं, "सारखंच होतं हो." सारखंच कधीच होत नसतं. चार दिवस जरा लक्ष ठेवा.

ड्रॉप पडल्या पडल्या मिनिटभर झोंबतं आणि मग शांत होतं? तो बहुधा त्या द्रावणाचा गुण असतो. डॉर्झोलामाइड या काचबिंदूच्या औषधाचा ड्रॉप थोडा आम्लधर्मी असतो, म्हणून तो झोंबतो. याच कामाचं ब्रिन्झोलामाइड त्या मानाने सौम्य आहे. पण ते दुधट असतं, बाटली हलवून घ्यावी लागते आणि घातल्यावर काही वेळ समोरचं पुसट दिसतं. हा मिनिटभराचा त्रास सहन होण्यासारखा असेल तर त्यात डोळ्याचं नुकसान नाही.

सकाळी बरं, पण दिवस चढेल तसं खुपणं वाढतं, वाचताना आणि मोबाइल बघताना जास्त? मग अश्रूंचा थर टिकत नाहीये. सकाळीच जास्त त्रास, पापण्यांच्या कडांना चिपडं आणि कोंडा? मग पापण्यांच्या तेलग्रंथी बघायला हव्यात. खाज हे मुख्य लक्षण, पापण्या सुजलेल्या, डोळ्याभोवतीची कातडी कोरडी नि लालसर? मग ऍलर्जीचा संशय घ्या.

आणखी एक सोपी कसोटी आहे, ती ज्यांना एकाच डोळ्यात ड्रॉप चालू आहे त्यांच्यासाठी. त्रास फक्त त्याच डोळ्याला असेल तर ड्रॉपवर बोट ठेवायला हरकत नाही. दोन्ही डोळे सारखेच चुरचुरत असतील तर वय, पंख्याचा किंवा एसीचा झोत, धूळ, स्क्रीन, सांधेवाताचा आजार, ऍलर्जीच्या किंवा मनाच्या आजारावरच्या गोळ्या, अशा दुसऱ्या कारणांकडेही बघायला हवं. दुचाकीवर उघड्या डोळ्यांनी फिरणाऱ्यांनी तर आधी साधा चष्मा घ्यावा, मग औषधाला नावं ठेवावीत.

"माझ्या डोळ्यातून तर पाणी गळतं, मग डोळा कोरडा कसा?" हे रोज ऐकतो. अश्रूंमध्ये नुसतं पाणी नसतं. आतून बुबुळाला चिकटून राहणारा चिकट थर, मध्ये पाणी आणि वरून तेलाचा पातळ पापुद्रा, असं ते असतं. तेल आणि चिकट भाग कमी पडला की थर फाटतो, बुबुळाच्या नसा उघड्या पडतात, त्या बोंब मारतात आणि डोळा पाण्याचा लोंढा सोडतो. लोंढा गालावरून वाहून जातो, बुबुळ तसंच उघडं राहतं. मात्र सततच्या पाण्याचं आणखी एक कारण असू शकतं. वर्षानुवर्षं ड्रॉप घातल्यावर काहींमध्ये नाकाकडे जाणारी अश्रूंची वाट अरुंद होते. ती तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत, पण आठवणीने सांगावं लागतं.

बाटलीत औषधाखेरीज काय आहे?

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. उघडलेली बाटली महिनाभर वापरायची, तर तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्वेटिव्ह घालतात. डोळ्यांच्या ड्रॉपमध्ये सर्वात जास्त वापरलं जाणारं प्रिझर्वेटिव्ह म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड, लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं. प्रमाण दिसायला नगण्य असतं, साधारण ०.००५ ते ०.०२ टक्के. लॅटॅनोप्रॉस्टच्या मूळ ड्रॉपमध्ये ते ०.०२ टक्के होतं, म्हणजे वरच्या टोकाला.

हे रसायन साबणाच्या जातीचं आहे. भांड्याच्या पावडरीने कढईचं तेल सुटावं तसा अश्रूंवरचा तेलाचा पापुद्रा त्याने सुटतो. त्याखाली जाऊन ते चिकट स्राव बनवणाऱ्या पेशी कमी करतं आणि बुबुळाच्या वरच्या थरातल्या पेशींना इजा करतं. एका थेंबाने काही बिघडत नाही. पण काचबिंदूचा ड्रॉप सर्दीच्या औषधासारखा पाच दिवस घ्यायचा नसतो, तो आयुष्यभराचा असतो. म्हणून रोज किती वेळा आणि किती वर्षं, हा हिशोब महत्त्वाचा.

तो हिशोब मांडून बघा. रात्री लॅटॅनोप्रॉस्ट एकदा. डॉर्झोलामाइड-टिमोलॉलची जोडबाटली दोनदा. ब्रिमोनिडिन दोनदा. झाले पाच थेंब. त्यावर डोळे कोरडे म्हणून दिलेलं ल्युब्रिकंट चार वेळा. त्या ल्युब्रिकंटमध्येही हेच प्रिझर्वेटिव्ह असलं तर नऊ! एका काकांनी पिशवी टेबलावर उलटी केली तेव्हा आराम मिळावा म्हणून दिलेल्या बाटलीच्या लेबलवर तेच नाव निघालं. ल्युब्रिकंट घेताना 'प्रिझर्वेटिव्ह फ्री' लिहिलंय का ते बघा. निदान सौम्य प्रिझर्वेटिव्ह तरी हवं, जसं स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स. उजेडात गेल्यावर त्याचं रूपांतर साध्या घटकांत होतं.

त्रास ठरावीक महिन्यापासून सुरू झाला असेल तर त्या महिन्यात बाटलीची कंपनी बदलली होती का, हे आठवा. मेडिकलवाला "तेच आहे, घ्या" म्हणून दुसरी देतो, आणि औषध खरोखर तेच असतं. पण प्रिझर्वेटिव्ह, त्याचं प्रमाण आणि थेंबाचा आकार वेगळा असू शकतो. जुना खोका फेकला नसेल तर दोन्ही लेबलं शेजारी ठेवून वाचा. खोक्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायची सवय या आजारात फार उपयोगी पडते.

दोष सगळा प्रिझर्वेटिव्हवर ढकलणंही बरोबर नाही. काही औषधं स्वतःच पृष्ठभागाला त्रास देतात. टिमोलॉलने बुबुळाची संवेदना आणि अश्रूंचं प्रमाण कमी होऊ शकतं. लॅटॅनोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बायमॅटोप्रॉस्ट या गटाने डोळा लाल होतो, विशेषतः सुरुवातीला. ही लाली बऱ्याच जणांत काही आठवड्यांत आपोआप उतरते, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात घाबरून औषध बदलायला धावू नका. याच गटाने पापणीचे केस लांब-दाट होतात. एकाच डोळ्यात ड्रॉप असेल तर फरक घरच्यांच्या लगेच लक्षात येतो.

ड्रॉप घालायची पद्धत

आपल्या डोळ्यात मावतं साधारण ३० मायक्रोलिटर, त्यातही थोडी जागा अश्रूंनी आधीच व्यापलेली. बाटलीचा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे एकच थेंब जास्तीचा झाला, दुसरा सरळ गालावर. तरी "एक नीट पडला नसेल" म्हणून दोन-तीन घालणारे पुष्कळ. औषधाचा परिणाम वाढत नाही, प्रिझर्वेटिव्ह तेवढं वाढतं आणि बाटली महिन्याआधी संपते.

खालची पापणी ओढून तयार झालेल्या खळग्यात एक थेंब. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. मग डोळा हलकेच मिटायचा, घट्ट आवळायचा नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवायचं. त्याने औषध नाकात उतरून रक्तात जाणं कमी होतं. टिमोलॉलच्या बाबतीत ही गोष्ट महत्त्वाची आहे. दमा असलेल्यांना किंवा ज्यांची नाडी मंद आहे अशांना टिमोलॉल धोक्याचं ठरू शकतं, तेव्हा यापैकी काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाहेर आलेलं औषध टिशूने टिपा. लॅटॅनोप्रॉस्टसारख्या रात्रीच्या ड्रॉपने डोळ्याखालची त्वचा काळवंडू शकते, म्हणून नंतर पापण्या मिटून चेहरा धुतला तर उत्तम.

दोन वेगळ्या ड्रॉपमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. ल्युब्रिकंट सगळ्यात शेवटी, दहा मिनिटांनी. जेलसारखं दाट असेल तर त्यानंतर काहीच घालू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती काढून ड्रॉप घाला आणि पंधरा मिनिटांनंतरच परत लावा, कारण बेन्झाल्कोनियम मऊ लेन्समध्ये शोषलं जातं.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि चार आठवड्यांनी ती फेका, तळाशी औषध उरलेलं असलं तरी. खोक्यावर वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळा. न उघडलेलं लॅटॅनोप्रॉस्ट बहुतेक कंपन्या २ ते ८ अंशांत ठेवायला सांगतात. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतं. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात घरातलं २५ अंशांचं ठिकाण म्हणजे फ्रिजच. गार थेंब डोळ्यात पडलेला कळतोही चांगला, हात थरथरणाऱ्या आजी-आजोबांना त्याचा फायदा होतो.

ऍलर्जी: उशिरा येते म्हणून ओळखू येत नाही

"दीड वर्ष हाच ड्रॉप घालतोय, याची ऍलर्जी कशी असेल?" असते. ब्रिमोनिडिनची ऍलर्जी बहुतेकदा काही महिने सुरळीत गेल्यावर उगवते. डोळा लाल होतो, खाज येते, खालची पापणी उलटून पाहिली तर आत बारीक दाणे दिसतात. याला साथीचे डोळे समजून अँटिबायोटिक दिलं जातं, आठवडाभरात थोडं इकडेतिकडे होतं आणि पुन्हा तेच. डॉर्झोलामाइडने बहुधा पापण्यांची त्वचा बिघडते, ती जाड, खडबडीत आणि लाल होते.

निदान करायची पद्धत साधी आहे: संशयित ड्रॉप थांबवून त्याच्या जागी दुसऱ्या गटाचा द्यायचा आणि दोन-तीन आठवडे बघायचं. ती डॉक्टरांनीच ठरवायची, कारण त्या काळात प्रेशर कोण सांभाळणार हे आधी ठरावं लागतं. कधी कधी सगळेच ड्रॉप थोडे दिवस थांबवून ऍसिटाझोलामाइडच्या गोळ्या देतात. त्यांनी हातापायाला मुंग्या येतात. मुतखडा, किडनीचा त्रास किंवा सल्फाची ऍलर्जी असेल तर त्या गोळ्यांआधी ते बोलायला हवं.

पापण्यांची कडा

काचबिंदूच्या रात्रीच्या ड्रॉपने पापण्यांच्या तेलग्रंथी बुजण्याचं प्रमाण वाढतं, आणि ग्रंथी बुजल्या की कितीही ल्युब्रिकंट घाला, ते टिकत नाही. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा, मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा, गार झाला की पुन्हा गरम करा. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, बोटाने हलकी चोळा आणि कडा ओल्या कापसाने पुसा. नुकतंच ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हे विचारल्याशिवाय करू नका. रोज केलं तर फरक पडायला महिना लागतो. बहुतेक लोक चौथ्या दिवशी सोडतात.

मेडिकलमधून आणलेला लालीचा ड्रॉप

यावर मी थोडा कडवट आहे. "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हटल्यावर काउंटरवरून जे मिळतं त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं, अँटिबायोटिकसोबत मिसळलेलं. दोन दिवसांत लाली जाते, माणूस त्या दुकानाचा भक्त होतो. पण डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारख्या स्टेरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांच्यात ते जास्त वाढण्याची शक्यता असते. ज्या आजारासाठी रात्री ड्रॉप घालतो तोच सकाळच्या ड्रॉपने वाढवायचा, असा हा कारभार. डॉक्टर कधी कधी सौम्य स्टेरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात, पण मध्ये प्रेशर तपासतात. दुसरे असतात नॅफाझोलिनसारखे रक्तवाहिन्या आकसवणारे ड्रॉप. ते सोडले की लाली दुपटीने उलटते, आणि डोळ्याचा कोन (आतलं पाणी जिथून बाहेर जातं ती जागा) अरुंद असेल तर प्रेशर अचानक वाढून झटका येण्याचीही भीती असते.

गुलाबजल, मध, एरंडेल यांबद्दल एवढंच की त्या बाटल्या निर्जंतुक नसतात आणि ओरखडलेल्या बुबुळावर त्यांचं काही काम नाही.

डॉक्टरांकडे काय मागायचं

घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, ल्युब्रिकंट आणि मेडिकलमधून आणलेल्याही. तक्रार "डोळे चुरचुरतात" एवढीच न सांगता कधी, कोणत्या ड्रॉपनंतर, कोणत्या डोळ्यात, ते सांगा. गर्दीच्या ओपीडीत काचबिंदूचा पेशंट आला की प्रेशर बघून चिठ्ठी पुढे चालू होते. पृष्ठभाग तपासायचा राहून जातो, तेव्हा "फ्लुरोसिनने डोळा बघाल का?" असं विचारायला लाजू नका. पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं की बुबुळावरचे ओरखडे हिरवे चमकतात, आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो तेही मोजता येतं. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो टिकाऊ नाही. शिर्मर चाचणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं पापणीत अडकवतात. पाच मिलिमीटरही भिजली नाही तर अश्रूच कमी आहेत.

पुढचे पर्याय साधारण असे. बाटल्या कमी करणं: दोन औषधं एकाच बाटलीत असली की प्रिझर्वेटिव्हचे थेंब निम्मे होतात. बेन्झाल्कोनियमविरहित किंवा पूर्ण प्रिझर्वेटिव्ह फ्री ड्रॉप: हे महाग पडतात आणि सगळीकडे मिळत नाहीत. एकदा वापरायच्या छोट्या नळ्या संधिवाताच्या बोटांना पिळता येत नाहीत, हेही बघून घ्या. सगळे बदलणं परवडत नसेल तर दिवसातून जास्त वेळा पडणारा ड्रॉप आधी बदलावा, असं मला वाटतं. त्रास जुना आणि दाहाचा असेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचा ड्रॉप देतात. तो आधी स्वतःच झोंबतो आणि गुण यायला काही आठवडे ते महिने घेतो.

आणि लेझर. कोन उघडा असलेल्या काचबिंदूत एसएलटी नावाचं लेझर ओपीडीतच होतं. ब्रिटनमधल्या 'लाइट' या अभ्यासात नव्याने निदान झालेल्यांना आधी लेझर दिलं, आणि २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातल्या ७४ टक्के लोकांचं प्रेशर तीन वर्षांनंतरही ड्रॉपशिवाय ठरलेल्या मर्यादेत होतं. आधीपासून चार ड्रॉप चालू असलेल्याला इतकी अपेक्षा धरता येणार नाही, पण एखादी बाटली कमी झाली तरी डोळ्याला विसावा मिळतो. आपल्याकडे अरुंद कोनाचा काचबिंदूही बराच आढळतो. त्याचा मार्ग वेगळा, तेव्हा आपला प्रकार कोणता हे विचारून फाइलवर लिहून घ्या.

पृष्ठभागाकडे लक्ष द्यायला आणखी दोन कारणं आहेत, ती पेशंटना सहसा कुणी सांगत नाही. पुढे ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला नवी वाट करणारं काचबिंदूचं ऑपरेशन, करायची वेळ आली तर वर्षानुवर्षं सुजलेल्या पांढऱ्या पडद्यात व्रण जास्त धरतो आणि केलेली वाट बुजण्याची शक्यता वाढते. दुसरं माझ्या खोलीतलं. कोरड्या डोळ्याने फील्ड टेस्ट दिली की समोरचे ठिपके पुसट होतात आणि निकाल आहे त्याहून वाईट येतो. टेस्टच्या आधी ल्युब्रिकंटचा थेंब घाला, आणि टेस्ट चालू असताना मनसोक्त पापण्या मिटा. "डोळा मिटू नका" असं मशीन कधीच म्हणत नाही. लोक आपणच श्वास रोखल्यासारखे बसतात.

ड्रॉप बदलला की दोन तारखा ठरवून या. पहिली प्रेशरची, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, कारण डोळ्याला सोसणारा नवा ड्रॉप प्रेशरही सांभाळतोय का हे मोजल्याशिवाय कळत नाही. दुसरी पृष्ठभागाची, दोन-तीन महिन्यांनी, पुन्हा पिवळा रंग घालून. ऍलर्जी असेल तर डोळा दोन आठवड्यांत निवळतो. प्रिझर्वेटिव्हने खरवडलेला थर भरून यायला त्याहून बराच वेळ लागतो, तेव्हा आठवडाभरात फरक नाही म्हणून जुन्या बाटलीकडे परत वळू नका.